हात घामेजतात म्हणून दोर सोडायचा का?

नाशिकहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांची ११ वर्षांची मुलगी दीड वर्षापासून दोरीच्या मल्लखांबाला जाते. त्या लिहितात, "मुलीची आवड पाहून बरं वाटतं. पण तिच्या तळहातांना इतका घाम येतो की वहीची पानंसुद्धा ओली होतात. मागच्या महिन्यात दोरावरून घसरली. खाली गादी होती म्हणून निभावलं, तरी तळहात सोलवटले. सासूबाई म्हणतात, पुरे झालं आता. ताई, मलाही लहानपणापासून हाच त्रास आहे. शाळेत पेटी शिकत होते, पट्ट्या ओल्या होतात म्हणून लाजेनं सोडून दिली. पाहायला मंडळी आली तेव्हा हातातला ट्रे निसटेल या धास्तीनं अर्धमेली झाले होते. हिचंही आताच थांबवू का?"

माझं उत्तर आधीच सांगते. थांबवू नका. मात्र घसरण्याचं नेमकं कारण शोधा, आणि सुरक्षिततेत काडीचीही तडजोड करू नका.

तुम्ही तर नाशिकच्या. मल्लखांबाला दुसऱ्या बाजीरावाच्या काळात नवं जीवन दिलं ते बाळंभट्टदादा देवधरांनी. वणीच्या सप्तशृंगी गडावर त्यांना ही विद्या स्फुरली, अशी आख्यायिका मल्लखांबाची मंडळी सांगतात. पूर्वी दोराऐवजी वेत टांगत. चांगला वेत मिळेनासा झाला तेव्हा सुती दोर आला, आणि या दोरावर मुलींनी नाव काढलं. २०१९ साली मुंबईत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची जागतिक स्पर्धा भरली, तेव्हा परदेशातल्या मुलीही खेळायला आल्या होत्या. त्यांच्यातही घामट हातांच्या असतीलच की!

आता घामाकडे वळू. तळहाताचा घाम हा उकाड्यापेक्षा मनाशी जास्त बांधलेला असतो. परीक्षा, पाहुणे, उंची, कोणी टक लावून पाहत असलं, की तळवे ओलावतात. काही घराण्यांत तो जात्याच जास्त असतो, आईकडून लेकीकडे येतो. यात कोणाचा दोष नाही, अस्वच्छता नाही की मनाचा दुबळेपणाही नाही. हे आधी मुलीला सांगा. "काय गं हे ओले हात!" असं चार वेळा ऐकलं की पाचव्या वेळी हात आपोआप ओले होतात.

आणखी एक गंमत. हात अगदी कोरडे ठणठणीत असले तरी पकड बसत नाही. कुदळ मारणारा गडी आधी तळहातावर थुंकतो, ते उगाच नाही. किंचित ओलाव्यानं कातडी मऊ होऊन घट्ट बसते. ओल फार झाली की मात्र कातडी आणि दोर यांच्यामध्ये पाणी येतं आणि हात सटकतो. म्हणून नाशिकच्या कडाक्याच्या थंडीत कोरडे पडलेले हातही घसरतात आणि मे महिन्यात घामेजलेलेही. आपल्याला हवी ती मधली स्थिती.

आता रोजच्या वर्गाला जाताना काय करायचं ते पाहा.

१. घरून निघताना साबणानं हात धुवून पंचानं पुसा. त्या दिवशी हातापायांना क्रीम, खोबरेल, लोशन काही नको. डोक्याला चापून तेल लावून मग वेणी घातली, तर तेच तेल तळहातावर येतं. ती वेणी आदल्या दिवशीची बरी.

२. पिशवीत जुन्या सुती लुगड्याचे किंवा धोतराचे दोन फडके ठेवा, एक हातांना, एक पायांना. दर चढीआधी पुसायची सवय लावा. फ्रॉकला हात पुसणं हे पुसणं नव्हे.

३. अंगाला लावायची सुगंधी पावडर मुळीच नको. ती कातडी गुळगुळीत करते, म्हणजे आगीत तेल. व्यायामशाळेत राळेची पूड असते किंवा जिमनॅस्टिकवाले वापरतात ती मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड असते. राळ चिकटपणा आणते, पांढरी पूड ओल शोषते. काय वापरायचं ते गुरुजींना विचारा. चिमूटभरच घ्यायची, चोळायची आणि टाळी वाजवून जास्तीची झटकायची. थर साचला की तोच घसरतो. राळेनं पुरळ उठली किंवा खोकला आला, तर ती बंद करा.

४. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवायचं. नखं कापलेली हवीत. तळहाताचे घट्टे वजरीनं हलके घासून सपाट ठेवा, नाहीतर ते दोरात अडकून उचकटतात. फोड फुटला असेल तर कातडी भरून येईपर्यंत सुट्टी.

लाकडी पुरलेल्या मल्लखांबाला एरंडेल लावतात, म्हणून "मग दोरालाही लावू का?" असं विचारू नका. लाकडावर अंग जोरानं घासतं, तिथे ते तेल कातडी वाचवतं. दोराचं तंत्र वेगळं. मोबाईलवर परदेशी बायका चकचकीत धातूच्या खांबावर कसरती करताना दिसतात, त्यांची तऱ्हा आणखी तिसरी. त्या उघड्या कातडीनं खांब धरतात, म्हणून घाम आला की आधी खांबच पुसून घेतात. पण अंगाला क्रीम नको, हा नियम त्यांनाही आपल्यासारखाच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोरावर हात ही पहिली पकड असते, एकमेव नव्हे. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये दोर पकडायचा, मांड्यांनी आवळायचा, अंगाभोवती गाठ न मारता वेढे घ्यायचे, हेच तर या खेळाचं कसब. चांगली मुलगी वर आसन लावून दोन्ही हात मोकळे सोडते! तुमची लेक घसरली तेव्हा पायाची पकड बसली होती का, हे गुरुजींना विचारा. पुष्कळदा भीतीनं मुली सगळा भार हातांवर घेतात, मुठी करकचून आवळतात. मग मनगटापासून कोपरापर्यंत हात भरून येतो, घामही वाढतो आणि दोष मात्र घामावर जातो. महिनाभर कमी उंचीवर पायाची पकड पक्की करून घ्या. घरी हातांच्या ताकदीसाठी ओला टॉवेल दोन्हीकडे पिळायला द्या, कणीक तिंबायला द्या. तुमचंही काम हलकं होईल!

घामासाठी घरगुती उपाय विचाराल, तर तुरटीचं पाणी. लिटरभर कोमट पाण्यात लहान चमचा तुरटीची पूड विरघळवून संध्याकाळी दहा मिनिटं हात बुडवायचे. काहींना उतार पडतो, पण तो तात्पुरता, आणि कातडी फुटली असेल तर झोंबतं. तेवढ्यानं भागलं नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. रात्री कोरड्या तळव्यांना लावायचं ॲल्युमिनियम क्लोराईडचं औषध असतं. पाण्यात हात ठेवून सौम्य विजेचा प्रवाह देण्याचे उपचारही असतात. दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्यानंच, कारण लेकरू लहान आहे. शस्त्रक्रियेचं नाव कोणी काढलं तर घाई नको. त्यानंतर पाठीला, पोटाला घाम वाढू शकतो.

लहानपणापासून दोन्ही तळव्यांना सारखाच येणारा आणि झोपेत थांबणारा घाम बहुधा निरुपद्रवी असतो. पण मोठेपणी अचानक सुरू झाला, रात्री अंथरूण भिजू लागलं, वजन उतरलं, छातीत धडधडू लागलं, तर थायरॉईड आणि साखर तपासून घ्या. हे मुलीसाठी आहे तसं तुमच्यासाठीही.

सासूबाईंची काळजी खोटी नाही. त्यांना एक दिवस वर्गाला घेऊन जा. खाली जाड गादी आहे का, दोर आणि वरचा हूक वेळोवेळी तपासतात का, नवी कसरत करताना शिकवणारे खाली उभे असतात का, हे तिघींनी मिळून पाहा. यातलं काही नसेल, तर वर्ग बदला. हात कोरडे असले तरी तिथे पाठवू नका. आणि घरी पंख्याच्या हुकाला दोरी, ओढणी किंवा साडी बांधून सराव करू द्यायचा नाही, कितीही हट्ट केला तरी. दोर फक्त व्यायामशाळेतला आणि तोही कोणी मोठं समोर असताना.

शेवटी तुमच्या पेटीविषयी. ओल्या पट्ट्या फडक्यानं पुसता येतात, एवढंच तेव्हा कोणीतरी सांगायला हवं होतं. ते राहून गेलं. लेकीला ते सांगणारं माणूस आज घरात आहे, ते तुम्हीच. तिच्या पिशवीत ते दोन फडके उद्याच ठेवा. आणि पेटी अजून माळ्यावर असेल तर ती खाली काढा. महिन्याभरानं दोघींचं कसं चाललं आहे ते जरूर कळवा.