शिक्षेत न लिहिलेली शिक्षा

दिवाळी तोंडावर आली की पुण्यात येरवडा कारागृहाच्या विक्री केंद्रावर कैद्यांनी बनवलेल्या वस्तू मांडल्या जातात. आपण त्या कौतुकाने घेतो. त्या घडवणारा आजारी पडला तर काय होते, हा प्रश्न कुणी काढलाच, तर ठरलेले उत्तर येते: ‘तुरुंग म्हणजे काय सासुरवाडी आहे?’

नोव्हेंबर 2020मध्ये तळोजा कारागृहातून एल्गार परिषद प्रकरणातील आरोपी फादर स्टॅन स्वामींनी न्यायालयाकडे काय मागितले, ते पाहा. वय 83, पार्किन्सनने हात थरथरणारे. पेला तोंडापर्यंत जाईपर्यंत पाणी सांडायचे. त्यांना हवे होते स्ट्रॉ आणि सिपर. तपास यंत्रणेने उत्तरासाठी 20 दिवस मागून घेतले आणि मग सांगितले, ते आमच्याकडे नाहीच. 5 जुलै 2021 रोजी, जामीन अर्ज प्रलंबित असतानाच, वांद्र्याच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला.

माओवादी संबंधांच्या आरोपाखाली शिक्षा झालेले प्रा. जी. एन. साईबाबा 90 टक्के अपंग, व्हीलचेअरवर. नागपूर कारागृहाच्या ‘अंडा सेल’ या एकांत कोठडीत त्यांनी वर्षे काढली. मार्च 2024मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना दुसऱ्यांदा निर्दोष ठरवले. त्याच वर्षी दसऱ्याच्या दिवशी त्यांचे निधन झाले. त्यांचे आदिवासी सहआरोपी पांडू नरोटे यांना तर निर्दोषत्वाचा पहिला निकालही ऐकता आला नाही. तो ऑक्टोबर 2022चा. स्वाइन फ्लूने ते ऑगस्टमध्येच दगावले होते.

या माणसांचे राजकीय विचार पटोत न पटोत, मुद्दा तो नाही. ही नावे गाजली म्हणून आपल्याला कळली. ज्याला भेटायलाही कुणी येत नाही, त्याचे काय? बाहेरचा माणूस एका डॉक्टरचा गुण आला नाही तर दुसरा गाठतो. कैद्याला बाहेरच्या रुग्णालयात जायचे तर पोलीस गार्ड लागतो. गार्ड मिळाला नाही की तपासणी हुकली. दार ज्याने लावले, औषधाची जबाबदारीही त्याचीच.

हे काही नवे तत्त्वज्ञान नाही. दाखल होताना वैद्यकीय तपासणी करण्याचे बंधन इंग्रजांच्या 1894च्या कारागृह कायद्यातही होते. जुलै 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील तुरुंगांना बजावले: कैदी आत येतानाच त्याच्या अपंगत्वाची नोंद करा, रॅम्प आणि वापरता येईल असे शौचालय द्या, फिजिओथेरपीची सोय करा, सहा महिन्यांत प्रत्येक तुरुंगाची सुगम्यता तपासा. मनपसंत जेवण हा मूलभूत हक्क नव्हे, हेही त्याच निकालात आहे. म्हणजे सासुरवाडी कुणी मागतच नाही.

2022च्या अखेरीस देशातल्या 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते. दर चौघांतल्या तिघांचा गुन्हा सिद्धच झालेला नव्हता. आणि ज्यांचा झाला, त्यांच्याही निकालपत्रात कैद लिहिलेली असते, उपचाराविना राहणे नव्हे. ती जादा शिक्षा कोणत्याच न्यायाधीशाने दिलेली नाही. ती आपल्या बेफिकिरीने दिली आहे.

वाचकहो, आपल्या जिल्ह्याच्या कारागृहात डॉक्टरांची किती पदे रिकामी आहेत, व्हीलचेअर आत जाईल असे शौचालय आहे का, एवढे माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात.