निरीक्षण आधी, अनुमान मागाहून

आपला परिसर जिच्या नावाने ओळखला जातो ती बनशंकरी म्हणजेच शाकंभरी. बदामीच्या बनशंकरीला कुलदेवता मानणारी घराणी मराठी मुलखातही पुष्कळ आहेत. भाजीपाल्याने जिची पूजा बांधतात, तिच्या परिसरात हिरव्या पानाचा प्रयोग तरी नीट व्हावा, ही अपेक्षा फार नाही.

प्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. कुंडीतले रोप एक-दोन दिवस अंधारात ठेवायचे, म्हणजे पानांत साठलेला स्टार्च संपतो. मग एका पानाला दोन्ही बाजूंनी काळ्या कागदाची पट्टी लावून रोप चार-पाच तास उन्हात ठेवायचे. पान तोडून पाण्यात उकळायचे, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या स्पिरिटमध्ये त्याचे हरितद्रव्य काढायचे, धुवायचे आणि त्यावर आयोडीन टाकायचे. उघडा भाग निळा-काळा होतो, झाकलेला पिवळसर-तपकिरी राहतो. प्रकाशाशिवाय प्रकाशसंश्लेषण नाही, हे सिद्ध झाले.

हे सारे पुस्तकात छापलेले आहे आणि अडचण तिथेच आहे. उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे प्रयोगवहीतला ‘निरीक्षण’ हा भाग पुष्कळदा पान पाहण्याआधीच लिहून तयार असतो. माझे म्हणणे एवढेच, की हा भाग पुस्तक मिटून, पान समोर ठेवून लिहावा. आणि गुण पानाच्या रंगाला न देता खऱ्या नोंदीला द्यावेत.

कारण पान नेहमी पुस्तकाप्रमाणे वागत नाही. पावसाळ्यात बेंगळुरूचे आकाश दिवसचे दिवस ढगाळ असते. तेव्हा स्टार्च कमी बनून रंग फिका येऊ शकतो. रोप अंधारात पुरेसे राहिले नसेल, तर पट्टीखालीही निळी छटा दिसते. कांद्याची पात घेतली, तर भर उन्हातही रंग येत नाही, कारण ती स्टार्चऐवजी साखर साठवते. अशा वेळी वहीत ‘निळा-काळा’ लिहिणारा कॅडेट गुण मिळवतो, पण शिकण्यासारखे जे होते ते गमावतो.

१७७१ साली जोसेफ प्रीस्टली यांना आढळले, की मेणबत्ती जळून विझलेल्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली, तर काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळते. पण पुढे हा प्रयोग कधी साधे, कधी फसे. १७७९ साली यान इंगेनहाउझ यांनी शेकडो प्रयोग करून कारण दाखवले: हे काम वनस्पतीचे हिरवे भागच करतात आणि तेही फक्त प्रकाशात. फसलेले प्रयोग कोणी लपवले नाहीत, म्हणून हे कोडे सुटले.

आपल्या प्रयोगातही एक प्रश्न दडलेला आहे. काळी पट्टी प्रकाश अडवते, तशी हवाही अडवत नसेल का? पानाला कार्बन डायऑक्साइडही लागतो. मग स्टार्च बनला नाही तो प्रकाशाअभावी की हवेअभावी? शेजारच्या पानाला तेवढीच, तशीच पण पारदर्शक पट्टी लावा. तिच्याखाली रंग आला, तर प्रकाशाचे उत्तर पक्के. दोन रुपयांचीही ही भर नाही, पण ती पाहणाऱ्यालाच सुचते, उतरवून काढणाऱ्याला नाही.

परीक्षेत ठरलेले उत्तर लागते, वेळही कमी असतो, असे शिक्षक म्हणतील. ते खरे आहे. म्हणून पुस्तकातला निष्कर्ष कॅडेटला यायलाच हवा. त्याखाली फक्त दोन ओळी असाव्यात: आमच्या पानावर काय दिसले आणि फरक पडला असेल तर का पडला असावा.

सैनिकी शाळेत ही सवय अधिक मोलाची. गस्तीवर गेलेल्याने ‘पूल शाबूत असावा’ हा अंदाज ‘पूल शाबूत आहे’ म्हणून कळवला, तर त्याची किंमत मागून येणारी तुकडी मोजते. जे पाहिले ते आणि जे वाटले ते वेगळे ठेवायची शिस्त त्या दिवशी अचानक येत नाही. ती आठवी-नववीतल्या एका पानापासून लावता येते. पालकांनीही सुट्टीत घरी आलेल्या मुलाला ‘किती गुण मिळाले?’ याच्या आधी ‘काय दिसले?’ असे विचारावे.