जाहिराती अडवणारे साधन यादीत का नाही?

संपादक महोदय,


रविवारच्या पुरवणीत ब्राउझरसाठी उपयुक्त अशा दहा एक्स्टेन्शनांची यादी वाचली. स्क्रीनशॉट काढणारे आहे, पान काळे करणारे आहे, खरेदीत कूपन शोधणारे आहे, इंग्रजी सुधारून देणारेही आहे. जाहिराती अडवणारे एकही नाही! नांदेड-लातूरच्या वाचकाला ज्याची सर्वांत जास्त गरज, तेच नेमके गाळले, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे लोक इंटरनेट उघडतात ते सातबारा, पीकविमा, सीईटीचा अर्ज, नीटचे प्रवेशपत्र अशा कामांसाठी. मोबाइलवर ‘सातबारा डाउनलोड’ शोधून पाहा. शासनाच्या पानाच्या आजूबाजूला भलतीच पाने येतात. त्यांतले एखादे उघडले की ‘डाउनलोड’ लिहिलेली मोठमोठी बटणे दिसतात आणि सातबारा त्यांतल्या एकाही बटणामागे नसतो, सगळ्या जाहिराती. आमच्या शेजारच्या काकांनी असेच एक बटण दाबले, पुढे ‘अलाउ’ दाबले. तेव्हापासून ‘फोनमध्ये व्हायरस शिरला’, ‘तुमचे कर्ज मंजूर’ असल्या सूचनांनी त्यांचा फोन दिवसभर वाजतो आहे. खरे तर भूलेखच्या शासकीय पानावर सातबारा फुकट पाहता येतो आणि डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. अशा फसवणुकीवर लोकांनी जागरूक राहावे, असा उपदेश होतो. बांधावर भर उन्हात मोबाइल धरलेल्या म्हाताऱ्या माणसाने खरे बटण कोणते आणि खोटे कोणते, हे कसे ओळखायचे? ते खोटे बटण त्याच्यासमोर येताच कामा नये.

अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये हेच सांगितले. शोधनिकालांतल्या जाहिरातींमधून लोकांना हुबेहूब नकली संकेतस्थळांवर नेले जाते, तेव्हा शोध घेताना जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन वापरा, अशी जाहीर सूचना त्या तपासयंत्रणेने काढली. आपल्याकडे फसल्यावर १९३० क्रमांकावर फोन करा, असे सांगतात. तो करावाच. पण फसण्याआधी काय करायचे, हे कोण सांगणार?

‘यूब्लॉक ओरिजिन’ हे जाहिराती अडवणारे साधन २०१४ पासून फुकट मिळते. ते बनवणारे रेमंड हिल देणगीसुद्धा घेत नाहीत. सुरक्षिततेचे कारण देऊन गुगलने एक्स्टेन्शनांचे नियम बदलले आणि २०२५ मध्ये क्रोममधले हे साधन बंद पडले. आता तिथे त्याची कमी ताकदीची ‘लाइट’ आवृत्ती तेवढी चालते. गुगलची कमाई जाहिरातींवर आहे, एवढे लक्षात घेतले तरी पुरे. फायरफॉक्समध्ये मूळ साधन आजही चालते. दुसरे असे, की अँड्रॉइड मोबाइलवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन बसतच नाही. मग लॅपटॉप नसलेल्या वाचकाने तुमच्या यादीचे करायचे काय? अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये यूब्लॉक बसते, आणि फायरफॉक्स मराठीतही आहे. एवढ्या दोन ओळी छापल्या असत्या तरी गावोगाव उपयोग झाला असता.

उरलेल्या साधनांबद्दलही इशारा हवा होता. अनेक एक्स्टेन्शने प्रत्येक पान वाचण्याची परवानगी मागतात, त्यात बँकेचे पानही आले. सुमारे २० लाख लोक वापरत असलेले ‘ग्रेट सस्पेंडर’ मूळ कर्त्याने दुसऱ्याला दिले, त्यात घातक बदल झाले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगललाच ते काढून टाकावे लागले. दहा बसवा म्हणणे म्हणजे दहा अनोळखी माणसांना घराच्या किल्ल्या देणे.

जाहिराती अडवल्या तर वृत्तपत्रे कशी चालणार, असे आपण म्हणाल. ज्या संकेतस्थळावर विश्वास आहे तिथे हे साधन एका बटणाने बंद ठेवता येते. आपल्या संकेतस्थळावर मी ते बंदच ठेवतो. छापील अंकातली जाहिरात कोणाला चकवून बटण दाबायला लावत नाही. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

जाता जाता नेट कॅफेंबद्दलही लिहितो. लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या श्यामनगर भागात हजारो मुले तिथून अर्ज भरतात. ब्राउझर ‘पासवर्ड सेव्ह करू का?’ विचारतो, घाईत मुले ‘हो’ म्हणतात आणि पुढच्या गिऱ्हाइकासमोर आधीच्या मुलाचे लॉगिन तयार असते. प्रवेशफेरीत कुणी पसंतीक्रम बदलला तर त्या मुलाचे वर्ष जाईल. क्रोममध्ये ‘गेस्ट’ विंडो असते. ती बंद केली की ब्राउझरमध्ये मागे काही राहत नाही. कॅफेचालकांनी प्रत्येक मुलाला तीच उघडून दिली पाहिजे.

दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांनी आपले सरकार सेवा केंद्रांना आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने आपल्या महाविद्यालयांना एक पत्र काढावे: प्रत्येक संगणकावर जाहिरात अडवणारे साधन बसवा आणि पासवर्ड साठवणे बंद ठेवा. याला एक रुपयाही लागत नाही. पुढच्या प्रवेशफेरीच्या आत हे पत्र निघाले पाहिजे.

— एक पालक, औसा रोड, लातूर