उसनवारीची दोन नावे

थोराकडून घेतले तर तो संदर्भ आणि शेजाऱ्याकडून घेतले तर ती चोरी, असा एक अलिखित न्याय चित्रकथांच्या समीक्षेत रूढ झालेला आहे. ‘डूम पॅट्रोल’ या अमेरिकन अतिमानव-चित्रकथामालेच्या वाट्याला तो दोन्ही बाजूंनी आला. आर्नल्ड ड्रेक, बॉब हॅनी आणि चित्रकार ब्रुनो प्रेमियानी यांनी १९६३ मध्ये ती सुरू केली. चाकांच्या खुर्चीतला बुद्धिमान नायक आणि जगाने विद्रूप ठरवलेले त्याचे सहकारी, हा तिचा गाभा. त्याच वर्षी काही महिन्यांत दुसऱ्या प्रकाशनसंस्थेची ‘एक्स-मेन’ ही मालिका जवळपास याच आराखड्यासह अवतरली. उचलेगिरीचा संशय तेव्हापासून चिकटला तो चिकटलाच.

१९८९ ते १९९३ या काळात हीच मालिका ग्रँट मॉरिसन यांनी लिहिली. ग्रंथातून जन्मून वास्तवाला गिळू पाहणारे त्यांचे ऑर्कविथ बोर्हेस यांच्या १९४० च्या ‘त्लॉन’विषयक कथेतून आलेले आहे, कात्र्या घेऊन फिरणारी माणसे हाइनरिख होफमान यांच्या १८४५ च्या बालपद्यांतली. येथे मात्र चौर्य हा शब्द कोणी उच्चारत नाही. येथे ‘आंतरसंहितात्मकता’ असते. (शब्द जितका लांब, तितकी झडती कमी.)

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त अर्थहरणाचे प्रकार सांगितले, तेव्हा प्रतिबिंबासारखे हरण आणि परपुरप्रवेशासारखे हरण एका मापाने मोजले नाही, आणि या प्रकारांच्या व्याख्येत मूळ कवीची प्रतिष्ठाही धरली नाही. घेतलेल्या द्रव्याचे पुढे काय झाले, एवढेच पाहिले. या कसोटीवर ऑर्कविथ प्रतिबिंबाच्याच जवळ राहते, किंबहुना फिकट प्रतिबिंबाच्या. बोर्हेस यांच्या कथेत माणसे त्या कल्पित जगाला स्वखुशीने शरण जातात, भय तिथे आहे. चित्रकथेत त्याचे परतवून लावायचे एक आक्रमण होते.

मॉरिसन यांची खरी झेप आहे ती रद्दीतल्या उचलीत. चार्ल्स ॲटलास यांच्या व्यायाम-अभ्यासक्रमाची जाहिरात चित्रकथांच्या पानांवर कित्येक वर्षे छापली जात होती: समुद्रकिनारी तोंडावर वाळू उडवून घेतलेला हडकुळा तरुण शरीर कमावून परततो, दांडगटाला ठोसा लगावतो आणि मैत्रीण त्याच्यावर भाळते. फ्लेक्स मेंटॅलोच्या पूर्वकथेत हे सारे जसेच्या तसे घडते, पण ठोशानंतर तो तरुण त्या मैत्रिणीलाच दांडगाईने झिडकारतो. शरीर कमावणे म्हणजे दांडगट होणे, हे जाहिरातीच्या पोटातले सत्य तिच्याच चौकटींतून बाहेर पडते. देह तोच, आत शिरलेला जीव वेगळा.

ॲटलास यांच्या कंपनीने या पात्रावरून दावा लावला आणि २००० मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने प्रकाशकांच्या बाजूने निकाल दिला. न्यायाधीशांना त्यात विडंबन दिसले. बोर्हेस यांचे नाव सापडल्याच्या आनंदात असलेल्या समीक्षकांना ती जाहिरात अजून रद्दीच वाटते.