असर ते मगरिब: मुलांचा खेळाचा वेळ कुठे गेला?

१ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘खेलो भारत नीती’ मंजूर केली. २००१ चं जुनं क्रीडा धोरण मागे पडलं आणि २०३६ च्या ऑलिम्पिकची भाषा सुरू झाली. पुढे २ नोव्हेंबरला नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. साहजिकच सगळीकडे चर्चा पदकांची आहे. पण आपल्या घरातल्या सहा-सात वर्षांच्या मुलाची गरज फार साधी आहे. त्याला रोज तासभर मनसोक्त धावायला मिळायला हवं.

५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आता आपल्या मोहल्ल्यातल्या मुलाचा दिवस बघा. सकाळी शाळा, दुपारी मकतब, मग ट्यूशन आणि उरलेल्या वेळात अम्मीचा मोबाईल. असर ते मगरिब हा गल्लीतल्या पोरांचा हक्काचा वेळ होता. तो ट्यूशनने खाल्ला, आणि गल्ली पार्किंगने.

या रिकाम्या जागेत कराटे आणि तायक्वांदोचे क्लास आले. पालकांना विचारलं तर उत्तर ठरलेलं: जमाना खराब आहे, पोरीला स्वतःला वाचवता आलं पाहिजे. भीती खोटी नाही. पण सात वर्षांची मुलगी लाथ मारून मोठ्या माणसाला रोखेल, हा समज धोक्याचा आहे. तिला क्लासमध्ये जे मिळतं ते वेगळंच असतं. तोल सांभाळणं, सरांनी थांब म्हटल्यावर थांबणं, आपली पाळी येईपर्यंत गप्प उभं राहणं. ज्युदोमध्ये तर आधी पडायला शिकवतात.

अमेरिकेत २००४ मध्ये याच विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बालवाडी ते पाचवीची काही मुलं तीन महिने तायक्वांदो शिकली, बाकीच्यांनी नेहमीचा पीटीचा तास केला. तायक्वांदोवाल्या मुलांचा स्वतःवरचा ताबा जास्त सुधारला, वर्गातलं वागणंही. फायदा लहानग्यांपेक्षा चौथी-पाचवीच्या मुलांना जास्त झाला. म्हणजे चार वर्षांच्या बाळाला घाईघाईने पांढरा ड्रेस शिवून काही चमत्कार होत नाही.

त्याआधी १९८६ च्या एका अभ्यासात गुन्ह्यांकडे वळलेल्या किशोरांना दोन पद्धतींनी शिकवलं गेलं. शिस्त, आदर आणि मन शांत ठेवणं यांसह शिकलेल्यांची आक्रमकता कमी झाली. फक्त मारामारीचे डाव शिकलेल्यांची वाढली. खेळ साधारण एकच, फरक शिकवण्याचा. म्हणून क्लास लावण्याआधी फी विचारतो तसं एक दिवस कोपऱ्यात बसून बघा, की उस्ताद चुकलेल्या मुलाशी कसा बोलतो. दर दोन महिन्यांनी बेल्टची परीक्षा आणि तिची वेगळी फी असेल तर हिशेब कुठला चाललाय ते ओळखा.

क्लासला जमत नाही ते सांघिक खेळ शिकवतो. कबड्डीच घ्या. बाद झालेला पोरगा बाहेर बसतो आणि साथीदाराने समोरचा गडी बाद केला की परत आत येतो. आपलं परतणं दुसऱ्याच्या हातात आहे, हे आठ वर्षांच्या मुलाला यापेक्षा चांगलं कोण समजावणार? गल्लीत पंच नसतो, म्हणून आऊट की नॉट आऊट हे भांडून, मग पटवून, मुलं स्वतःच ठरवतात. मोठ्यांनी तिथे नाक खुपसू नये. कबड्डी-खोखोला किट लागत नाही, हा गरीब घरांसाठी मोठा फायदा.

खरी अडचण मुलींची आहे. दहा-अकरापर्यंत त्या सगळीकडे दिसतात, नंतर मैदानातून एकदम गायब. निझामाबादच्या निखत झरीनने तेरा वर्षांच्या आसपास बॉक्सिंग सुरू केलं. नातेवाईक आणि शेजाऱ्यांनी कपड्यांवरून टोकलं, पण वडील मोहम्मद जमील मागे उभे राहिले. २०२२ आणि २०२३ मध्ये ती जगज्जेती झाली. त्याआधी ती धावायची, म्हणजे पाया लहानपणीच घातला गेला होता. आपल्या मुंब्र्यात परचम संस्थेच्या मुली २०१२ पासून फुटबॉल खेळतायत. मैदानावर आपल्यालाही वेळ हवा म्हणून त्यांनी सह्या गोळा केल्या. हिजाबची सबब तर आता चालणारच नाही. फिफाने २०१४ मध्ये परवानगी दिली आणि २०२३ च्या महिला विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेनझिना हिजाब घालून खेळली.

आणखी एका गोष्टीवर पालक अडतात, ती म्हणजे उस्तादापुढे झुकणं. काही जण एवढ्यावरून मुलाला काढून घेतात. ज्युदोच्या अधिकृत स्पर्धेत झुकणं नियमातच आहे, त्यामुळे तिथे आधी माहिती घ्यावी. रोजच्या क्लासमध्ये मात्र सरांना अदबीने सांगितलं, तर छातीवर हात ठेवून केलेला सलाम बरेच जण चालवून घेतात. विचारायचं पहिल्याच दिवशी, फी भरण्याआधी.