वाळू, तेल आणि थापा

परवा आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक निरोप येऊन पडला. नॅनो तंत्रज्ञानामुळे जमिनीखाली उरलेलं सगळं तेल बाहेर येणार, भारताची चिंता मिटली! खाली अंगठ्यांची रांग. मी अंगठा दिला नाही. का, ते इथे लिहितो, तिथे लिहिलं की भाचेमंडळी म्हणतात, "मामांचा तास सुरू झाला."

आधी एक गैरसमज काढू. जमिनीखाली तेलाचं तळं नसतं. दगड असतो, आणि त्याच्या बारीक छिद्रांत तेल मुरलेलं असतं. सुरुवातीला आतल्या दाबाने थोडं आपोआप वर येतं, मग पाणी भरून आणखी ढकलतात. एवढं करूनही जगात सरासरी एक तृतीयांशच्या आसपासच हाती लागतं. बाकीचं आतच अडकून राहतं. तेलकट कढई नुसत्या पाण्याने धुऊन बघा, म्हणजे कळेल.

इथे नॅनो येतं. वाळूत असते तीच सिलिका, पण कण इतके बारीक की मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या दहा-वीस भागांएवढे. ते पाण्यात मिसळून खाली सोडायचे. ते दगडाच्या अंगाला बसले की दगड तेलाऐवजी पाणी धरू लागतो आणि तेल सुटतं. प्रयोगशाळेत, बोटभर दगडाच्या तुकड्यात, हे घडतं. ते मी नाकारत नाही. वाळूतून तेल काढण्याचं सुभाषित मीही वर्षानुवर्षं शिकवलंय!

पण बोटभर तुकडा म्हणजे तेलक्षेत्र नव्हे. खालचं पाणी खारट आणि कढत. त्यात या कणांच्या गुठळ्या होतात, आणि ज्या छिद्रांतून तेल यायचं तीच बुजतात. शिवाय जरा गणित मांडा. रोज एक लाख पिंपं पाणी सोडायचं, म्हणजे सुमारे 15,900 टन. त्यात नॅनोकण फक्त 0.05 टक्के धरले तरी रोजचे आठ टन झाले. वर्षाचे जवळजवळ तीन हजार! ते बनवणार कोण, आणि कितीला?

2010 साली सौदी अरामकोने घवार क्षेत्रात नॅनोकण सोडून पाहिले. कशासाठी? तर ते खाली टिकून परत येतात का, एवढंच बघायला. जास्त तेल काढायला नव्हे.

आपल्याकडे काय चालतं? 1974 साली सापडलेल्या मुंबई हायमध्ये समुद्राचंच पाणी भरतात. राजस्थानात 2004 साली सापडलेल्या मंगला क्षेत्रात पाण्यात पॉलिमर घालून ते दाट करतात, म्हणजे ते तेलाला बगल देऊन पुढे पळत नाही. कंटाळवाणी कामं, पण तेल देतात. त्यांचे निरोप कोणी पाठवत नाही.

संशोधन जरूर व्हावं. राग आहे तो "चिंता मिटली" या दोन शब्दांचा. आपण 85 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. उधारीवर चालणाऱ्या घरात कोणी परसात पुरलेल्या हंड्याची गोष्ट सांगावी आणि घरच्यांनी काटकसर सोडून द्यावी, तसं हे झालं.

तेव्हा पुढचा अंगठा देण्याआधी तीन प्रश्न विचारा. कुठल्या विहिरीत? किती महिने? पिंपामागे खर्च किती? उत्तरं आली तर पहिला अंगठा माझा.

असो. तास संपला.