जुन्या नौकेची बैठक : डागडुजी नको, पुनर्बांधणी हवी

घर विकत घेताना शहाणा मनुष्य भिंतीच्या रंगापेक्षा पायाकडे अधिक लक्ष देतो. कोकणकिनाऱ्यावर शेतीच्या जोडीला मासेमारी करणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्या जुन्या लाकडी यांत्रिक नौकांच्या बाबतीत मात्र हा विवेक पुष्कळदा सुटतो. इंजिनाची दुरुस्ती वेळेवर होते, तळाला रंगही लागतो. परंतु डिझेलची टाकी व बॅटरी ज्या लाकडी बैठकीवर असतात, तिच्याकडे सहसा कोणी वाकून पाहत नाही.

या बैठकीवर भार थोडाथोडका नसतो. २०० लिटर डिझेलचे वजनच सुमारे १७० किलो भरते. टाकीचे वजन निराळे. मोठी बॅटरी ४० किलोच्या आसपास असते. लाटेगणिक हा सारा भार बैठकीला हिसके देतो. बैठक खचली की टाकी सरकते व तेलाच्या नळीचे सांधे निखळतात. बॅटरी कलंडली तर तारा एकमेकींस भिडून ठिणगी पडते. भर समुद्रात इंजिन बंद, दिवा बंद आणि बिनतारी यंत्र मुके, असा प्रसंग खलाशांच्या जिवावर बेतू शकतो.

लाकूड कुजते ते बुरशीमुळे, आणि बुरशीला सतत ओल लागते. खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी तिला अधिक मानवते. वरच्या फळ्यांच्या फटींतून व बोल्टांच्या छिद्रांतून हे पाणी झिरपते आणि टाकीखाली साचून राहते. बॅटरीतून सांडलेले आम्लही लाकडाचे तंतू दुबळे करते. म्हणून गळती आधी शोधावी. ती न थांबवता बसविलेले नवे लाकूडही त्याच वाटेने जाईल.

पाचर ठोकून किंवा वरून फायबरचा थर चढवून भागविण्याची रीत आमच्या मते घातक आहे. थराखाली ओल कोंडते, कूज आतल्या आत वाढते आणि बाहेरून सर्व ठाकठीक दिसते.

खरी दुरुस्ती अशी : प्रथम बॅटरीची ऋण तार, मग धन तार सोडवून बॅटरी बाहेर काढावी. टाकी रिकामी करून उतरवावी. जवळपास विडी-काडी पेटवू नये. जुनी बैठक तोडण्यापूर्वी तिचे माप पुठ्ठ्यावर उतरवून घ्यावे. टोच्याने लाकूड तपासावे व कुजलेल्या भागापलीकडे चार बोटे निकोप लाकूड लागेपर्यंत कापावे. आम्ल सांडलेली जागा खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने व नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण सुकू द्यावी. नवी बैठक मुरलेल्या सागवानाची करावी. तिच्या कडा आणि बोल्टांची छिद्रे इपॉक्सीने बंद करावीत. टाकीखाली रबरी पट्ट्या अशा ठेवाव्यात की हवा खेळेल व पाणी वाहून जाईल. टाकी पट्ट्यांनी घट्ट आवळावी. बॅटरी आम्ल न झिरपणाऱ्या पेटीत बांधून ठेवावी. मात्र भारित होताना तिच्यातून निघणारा ज्वालाग्राही वायू बाहेर जाण्यास वाट असावी.

वेळेचाही विचार हवा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. पण पावसात लाकूड सुकत नाही आणि ओल्या लाकडाला इपॉक्सी धरत नाही. तेव्हा नौका किनाऱ्याला ओढताच, मेअखेरच्या उन्हात टाकी व बॅटरी उतरवून बैठक उघडी करावी. उरलेले काम पक्क्या आडोशाखाली करता येते.

या कामी खर्च आहे, हे खरे. "अजून एक हंगाम निभेल" असे म्हणणाऱ्या नाखव्याची अडचणही आम्ही जाणतो. परंतु बैठकीचा खर्च सुताराचे किरकोळ काम म्हणून न धरता इंजिनाच्या दुरुस्तीतच धरला, तर तो टळणार नाही. किनाऱ्यावरील गावांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी नौका ओढण्याच्या दिवसांत स्वतः हजर राहावे आणि हाती टोच्या घेऊन नाखव्याबरोबर एकेक बैठक तपासावी. कूज डोळ्यांनी पाहिलेला नाखवा दुरुस्ती पुढे ढकलणार नाही.